उन्हाळ्यातील वीजबिल आणि शेवटच्या युनिटांचा हिशेब

विदर्भातील घरगुती ग्राहकाचा विजेचा खर्च वर्षाच्या बारा महिन्यांत सारखा वाटला जात नाही. होळी सरली की तो चढू लागतो, एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत वर जातो आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरच खाली येतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते आणि ४४-४५ अंशांची दुपार तर या भागात दरवर्षीचीच आहे. त्यामुळे घर थंड ठेवणे ही येथे चैन नसून वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसे यांच्या दृष्टीने प्रकृतीचा प्रश्न असतो. तरीही कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असा, की उन्हाळ्यात वापर जितका वाढतो त्याहून बिल अधिक वाढते आणि ते का वाढले याचा उलगडा होईपर्यंत पुढच्या महिन्याचाही अर्धा वापर होऊन गेलेला असतो. या अनुभवातून घ्यायचा धडा सरसकट काटकसरीचा नाही. महिन्याच्या शेवटच्या युनिटांना किती किंमत पडते आणि ती युनिटे घरातील कोणत्या उपकरणातून येतात, हे बिल येण्याआधी ओळखणे हा तो धडा आहे.

महावितरणच्या घरगुती दररचनेत मासिक वापराचे चार टप्पे केलेले आहेत : १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालवल्यास खर्च होणारी वीज. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार प्रतियुनिट पाच रुपयांच्या आत, दुसऱ्याचा दहा रुपयांच्या किंचित वर आणि तिसऱ्याचा साडेचौदा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील एक युनिट पहिल्या टप्प्यातील युनिटाच्या सुमारे तिप्पट महाग पडत होते. दर बदलत राहतात, परंतु चढत्या टप्प्यांचे तत्त्व तेच राहते. याविषयी एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो, तो असा की ३०० चा आकडा ओलांडला की सर्वच युनिटांना वरचा दर लागतो. प्रत्यक्षात वरचा दर केवळ त्या मर्यादेपलीकडील युनिटांनाच लागतो. म्हणून एखाद्या युनिटाने मर्यादा ओलांडल्याने फारसे बिघडत नाही, पण मर्यादेपलीकडे वापर जितका लांबतो तितके प्रत्येक युनिट महागड्या दराने मोजले जाते.

हे गणित उदाहरणाने स्पष्ट होते. एखाद्या कुटुंबाचा हिवाळ्यातील मासिक वापर १५० युनिट आहे आणि मे महिन्यात त्यात दीड टनी वातानुकूलन यंत्राची (बोलीभाषेत एसीची) भर पडते असे मानू. हे यंत्र सरासरी एक किलोवॉट वीज घेत रोज आठ तास चालले, तर महिन्याला २४० युनिटे वाढतात आणि एकूण वापर ३९० वर जातो. वरील दरांनी, वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पण इंधन समायोजन आकार वगळून हिशेब केल्यास, १५० युनिटांचे बिल सुमारे दीड हजार रुपये होते आणि ३९० युनिटांचे सुमारे एकावन्नशे रुपये. वापर अडीचपटीच्या थोडा पुढे गेला, बिल मात्र जवळपास साडेतीनपट झाले. हेच गणित उलट दिशेनेही चालते : या कुटुंबाने त्या महिन्यात ४३ युनिटे वाचवली तर वापर ११ टक्क्यांनी कमी होतो, परंतु ती सर्व युनिटे तिसऱ्या टप्प्यातून वजा होत असल्याने बिल १५ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास पावणेआठशे रुपयांनी उतरते. डिसेंबरमधील काटकसरीपेक्षा मे महिन्यातील तितकीच काटकसर अधिक मोलाची ठरते, ती या कारणाने.

बिलातील अन्य रकमांचीही नीट ओळख असणे आवश्यक आहे. स्थिर आकार वापर असो वा नसो द्यावा लागतो. वहन आकार ही वीज वाहून आणण्याची प्रतियुनिट किंमत असते. इंधन समायोजन आकार वीजखरेदीच्या खर्चातील चढउतारानुसार महिन्यागणिक बदलतो. आणि वीज शुल्क हा राज्य शासनाचा कर या सर्वांच्या बेरजेवर लागतो, त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर त्यावरील करही वाचतो. याखेरीज उन्हाळ्याच्या सुमारास अनेक ग्राहकांच्या हाती अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी पडते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी असावी लागते आणि वर्षभराच्या वापरावरून तिचा फेरआढावा घेतला जातो. ही रक्कम वापराची किंमत नसते, तिच्यावर व्याजही मिळते. पण ती बिलाचाच भाग समजून मीटरवर संशय घेणे किंवा ती दुर्लक्षून थकबाकी ओढवून घेणे, या दोन्ही चुका नेहमी घडतात.

सावधगिरीचा आणखी एक मुद्दा मीटरवाचनाचा आहे. घराला कुलूप असल्याने किंवा अन्य कारणाने वाचन झाले नाही, तर मागील वापराच्या सरासरीवर बिल काढले जाते. मार्चमधील कमी सरासरीवर एप्रिलचे बिल निघाले की ते सुखद वाटते, पण मे महिन्यात प्रत्यक्ष वाचन होताच राहिलेली युनिटे एकत्रितपणे समोर येतात. अशा वेळी ती युनिटे संबंधित महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ दिला आहे की नाही, हे ग्राहकाने तपासलेच पाहिजे, कारण दोन महिन्यांची युनिटे एकाच महिन्याची धरल्यास ती वरच्या टप्प्यात ढकलली जातात. म्हणून बिलावरील ‘मागील रीडिंग’, ‘चालू रीडिंग’ आणि त्या दोहोंच्या तारखा, या चार नोंदी एकूण रकमेआधी वाचाव्यात.

खर्चाच्या उगमाकडे वळले असता उन्हाळ्यातील वाढीव युनिटांचा मोठा वाटा थंडाव्याच्या साधनांचा असल्याचे दिसते. एसीच्या संदर्भात ‘टन’ हे वजनाचे नव्हे, उष्णता बाहेर काढण्याच्या वेगाचे माप आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तो वेग, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट. हे काम किती कमी विजेत होते ते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकनावरून कळते. लेबलवर छापलेली वार्षिक युनिटे वर्षाकाठी १६०० तासांचा वापर आणि २४ ते ४३ अंशांदरम्यानचे बाह्य तापमान गृहीत धरून काढलेली असतात. विदर्भातील मे महिन्याची दुपार या गृहीतकाच्या बाहेर पडते, त्यामुळे तेथे यंत्राचा दर तासाचा वापर लेबलवरून काढलेल्या आकड्याहून अधिक निघाल्यास ते यंत्र सदोष आहे असे समजू नये. जास्त तारांच्या यंत्रासाठी अधिक किंमत मोजावी का, याचे उत्तरही वापराच्या तासांवर अवलंबून असते : दिवसाला आठ-दहा तास चालणाऱ्या खोलीत ती किंमत भरून निघण्याची शक्यता मोठी असते, पाहुण्यांच्या खोलीत ती क्वचितच निघते.

१ जानेवारी २०२० पासून नव्या खोलीच्या एसीचे पूर्वनियोजित तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. त्यानंतरही बाहेरून तापून आलेली व्यक्ती रिमोटवर १८ अंश लावते, ती खोली लवकर थंड होईल या समजुतीने. स्थिर गतीचा कॉम्प्रेसर १८ लावला तरी २६ लावला तरी त्याच वेगाने चालतो, फरक इतकाच की १८ अंश गाठण्यासाठी तो जवळजवळ अखंड चालत राहतो. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमीजास्त करू शकते, पण १८ अंशांची मागणी केल्यास तेही वेग कमी करण्याच्या अवस्थेला पोहोचत नाही. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे मार्गदर्शन आहे. या हिशेबाने २४ ऐवजी २७ अंश ठेवून सोबत छताचा पंखा लावल्यास वरील उदाहरणातील एसीची २४० पैकी सुमारे ४३ युनिटे कमी होतात. पंखा हवा थंड करत नाही, घाम वेगाने वाळवतो, म्हणून २७ अंशांची हलती हवा अंगाला पुरेशी गार वाटते. आणि त्याच कारणाने रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्याने काहीच साधत नाही.

कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात एसीआधी कूलरचा विचार व्हावा, यामागे भौतिक कारण आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिटाइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर जवळजवळ एक टनाइतकी उष्णता शोषतो आणि त्यासाठी पंखा व पंप मिळून साधारण दोनशे वॉट वीज घेतो. ही तुलना पूर्णतः सरळ नाही, कारण एसी खोलीतीलच हवा फिरवतो तर कूलर बाहेरची तप्त हवा गार करून आत सोडतो. म्हणूनच समोरच्या बाजूची खिडकी उघडी नसल्यास आत ओलावा साठून त्याचा गारवा संपतो. कूलर हवा किती थंड करील याची मर्यादा आर्द्र-कंद तापमानाने ठरते, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर दिसणाऱ्या तापमानाने. ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ते २५ अंशांच्या आसपास असते, म्हणून अकोल्यात किंवा चंद्रपुरात कूलर उपयोगी पडतो; मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत बाहेरचे तापमान आणि आर्द्र-कंद तापमान यांतील अंतरच अल्प असल्याने तो केवळ दमटपणा वाढवतो. विदर्भातही पावसाळी हवा येताच तीच स्थिती होते. एकाच खोलीत कूलर व एसी एकत्र चालवणे तर दुहेरी तोट्याचे, कारण कूलरने हवेत सोडलेले बाष्प पुन्हा काढून टाकण्यात एसीची वीज खर्च होते.

कूलरच्या स्वस्ताईला एक गंभीर पोटकलम जोडलेले आहे. लोखंडी टाकी, पाणी आणि वीज एकत्र आल्याने विजेच्या धक्क्याचे जीवघेणे अपघात उन्हाळ्यात घडतात. त्यासाठी तीन पिनांचे प्लग आणि खरोखर कार्यरत अर्थिंग असावे, गळतीचा प्रवाह जाणवताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-उपकरण बसवलेले असावे आणि पाणी भरण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढून ठेवावा. विजेची कोणतीही बचत या तीन गोष्टींच्या बदल्यात करू नये.

यंत्राने काढलेल्या उष्णतेपेक्षा घरात न शिरलेली उष्णता नेहमीच स्वस्त पडते. सर्वांत वरच्या मजल्यावर सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून तेथे रात्री बारा वाजताही एसीला विश्रांती मिळत नाही. अशा गच्चीवर मार्चमध्येच चुन्याचा किंवा परावर्तक पांढऱ्या रंगाचा थर दिल्यास ऊन मोठ्या प्रमाणात परतवले जाते. पश्चिमेकडील खिडक्यांना आतील पडद्यापेक्षा बाहेरील छपरी, बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा अधिक उपयोगी असतो, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर अडले तरी त्याची उष्णता खोलीतच उरते. पहाटे खिडक्या उघडून नऊच्या सुमारास बंद करण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

अन्य उपकरणांत पंखा दुर्लक्षित राहतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, तर ब्रशविरहित मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटांचा फरक पडतो आणि चार पंख्यांच्या घरात तो ८० युनिटांपर्यंत जातो. छतावरील सौर संचाचा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे आणि एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. मात्र संचाचा आकार केवळ मे महिन्याच्या बिलावरून न ठरवता बारा महिन्यांच्या वापरावरून ठरवावा.

इतके करूनही बिल अवास्तव वाटल्यास ते न भरता स्वस्थ बसणे हा मार्ग नव्हे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस देणे आवश्यक असते. वीज कंपनीने मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तक्रारीसाठी कलम ४२ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे. या व्यवस्थेपुढे ‘बिल फार आले’ या विधानापेक्षा तारखांसह मीटरच्या नोंदी अधिक वजनदार ठरतात.

या नोंदी ठेवणे हाच उन्हाळ्यातील नियोजनाचा पाया आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी मीटरचा आकडा लिहून ठेवल्यास दुसऱ्या आठवड्याअखेर महिन्याच्या एकूण वापराचा अंदाज येतो. तो ३०० च्या पुढे जाताना दिसला, तर उरलेल्या पंधरवड्यात एसीचे तापमान वाढवणे, त्याचे तास कमी करणे किंवा दुपारपुरते कूलरवर भागवणे यांची निवड कुटुंबाला हिशेबाने करता येते. घरातील आजारी व्यक्तीसाठी थंडावा अपरिहार्य असेल, तर तो खर्च समजून-उमजून स्वीकारता येतो आणि कपात इतर ठिकाणी करता येते. बिल हाती पडल्यावर मात्र यांपैकी कोणताही निर्णय त्या महिन्यापुरता उपयोगाचा राहत नाही.