काउंटरवरचे हुनर मोबाईलवर आणा

आपल्या छोट्या शहरांतील असंख्य तरुण कापडाच्या दुकानात, औषधांच्या काउंटरवर किंवा हॉटेलात नोकरी करतात. दहा-दहा तास उभे राहूनही पगार वाढत नाही. ‘आपल्याला दुसरे येते तरी काय?’ असे म्हणून ते तिथेच थांबतात. आम्हांला हा विचार चुकीचा वाटतो. गिऱ्हाईकाशी नीट बोलणे हे मोठे हुनर आहे आणि आज मोबाईलवरही त्याला मागणी आहे.

डिजिटल कम्युनिकेशन म्हणजे एखाद्या धंद्याच्या वतीने इंटरनेटवरून गिऱ्हाईकाशी बोलणे: मालाचे फोटो व माहिती देणे, विचारणांना उत्तर देणे, तक्रार मिटविणे, जाहिरात लिहिणे.

मिरजेचे उदाहरण घेऊ. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, दूरच्या गिऱ्हाईकाचा संदेश आला, ‘तंबोरा हवा आहे.’ कारागिराचे हात कामात गुंतलेले. नुसती किंमत कळवून भागत नाही. गाणारा पुरुष की स्त्री, पट्टी कोणती, हे विचारावे लागते. भोपळ्याचा व लाकडाचा फोटो, पाठवणीचा खर्च, मुदत कळवावी लागते. चांगला सेल्समन काउंटरवर हेच तर करतो!

सुरुवात अशी करावी:

१) गिऱ्हाईक रोज विचारते ते दहा प्रश्न वहीत लिहा. प्रत्येकाचे दोन-तीन ओळींत स्वच्छ उत्तर लिहा. मराठीत, हिंदीत, मग सोप्या इंग्रजीत.

२) २०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप शिका. त्यात मालाची यादी व तयार उत्तरे ठेवता येतात. मात्र ब्रॉडकास्टचा संदेश, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून आधी ओळख, मग जाहिरात. गुगलवर दुकानाचा पत्ता, वेळ व फोटोही मोफत टाकता येतात.

३) ओळखीच्या एका कारागिराचे काम तीन महिने करा. किती विचारणा आल्या, किती विक्री झाली, याची नोंद ठेवा. पुढच्या मालकाला दाखविण्यासाठी ही वही प्रमाणपत्रापेक्षा उपयोगी पडेल.

४) मेहनताना व काम आधीच कागदावर ठरवा. खाते मालकाच्याच नावाने उघडा.

गिऱ्हाईकांचे नंबर ही अमानत आहे. ते दुसऱ्याला देऊ नका. यंत्रावरचा माल ‘हातचा’ म्हणून खपवू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हातची नोकरी मात्र घाईने सोडू नका. संध्याकाळच्या कामातून दोन-तीन गिऱ्हाईके टिकली की मगच निर्णय घ्या. ‘घरबसल्या लाइक करा, पैसे मिळवा, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा.

व्यापारी बंधूंनाही आमची एक विनंती आहे. आपल्या दुकानातील असा होतकरू मुलगा ओळखा, त्याला हे काम द्या आणि त्याप्रमाणे पगारही वाढवा. नाहीतर तो दुसऱ्याच्या दुकानाची भरभराट करील आणि आपण पाहत राहू.