आलापल्लीच्या पुढं जाताना

स्टेपनीत हवा आहे का, ते आधी बघ बाबू. नकाशा झाला, गाण्यांची यादी झाली, फोटोही टाकून झाले. पण जॅक गाडीत कुठं ठेवलाय हे तुमच्या चौघांतल्या एकालाही ठाऊक नाही. आलापल्लीहून भामरागड पासष्टेक किलोमीटर. मध्ये पेरमिली, ताडगाव, बाकी दोन्ही अंगांनी जंगल. तिथं चाक बसलं तर पंक्चरवाला तुम्हीच. अकरा वर्षं मी अहेरी आगाराची गाडी चालवली. त्यात बंदूकवाले समोर आले ते एकदा, आणि चाक बसायचं दर महिन्याला.

तुझ्या आईचा फोन येऊन गेला. ‘दादा, तूच त्यांना नको म्हण’, म्हणते. मी नाही म्हणणार. माझी बदली झाली तेव्हा तिनंच रडून घर डोक्यावर घेतलं होतं. गडचिरोली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असंच तेव्हा सगळे समजायचे. ते समजणं सगळं खोटं नव्हतं. २००९ च्या ऑक्टोबरात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस गेले. २०१९ च्या १ मे रोजी कुरखेड्याकडं जांभुळखेड्याला सुरुंग उडाला, त्यात १५ जवान आणि त्यांची गाडी चालवणारा एक. पेपरात १५ चा आकडा मोठा असायचा, तो सोळावा खालच्या ओळीत. आम्ही ड्रायव्हर लोक आधी तीच ओळ शोधायचो.

आता ते दिवस राहिले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती साठ जणांना घेऊन आला आणि गडचिरोलीत बंदुका खाली ठेवल्या. पण धोका गेला म्हणून शिस्त सोडायची नसते. नव्या रस्त्यांपेक्षा जुन्या सवयींवर माझा जास्त भरवसा आहे.

पहिली सवय वेळेची. आलापल्ली दुपारच्या आत सोडायची, आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांवर असतानाच मुक्कामाचं ठिकाण गाठायचं. टाकी आलापल्लीला पूर्ण भरा. नोटा खिशात असू द्या, सुट्या. आईला तिथूनच फोन करून सांग, की आता रेंज जाईल, उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तर घाबरू नको. हे सांगितलं नाही, तर ती रात्री मला झोपू देणार नाही.

रस्त्यात झाड आडवं दिसलं तर खाली उतरायचं नाही. वादळानं पडलेलं झाड मुळासकट असतं, तोडलेल्याचा बुंधा पांढरा दिसतो. हे मी शिकलो, पण तुम्ही ते शिकायला जवळ जाऊ नका. गाडी मागं घ्या, आल्या रस्त्यानं गावात जा, चहा प्या, तिथल्या लोकांना विचारा. लाल कापडी बॅनर दिसलं तर हात लावायचा नाही, फोटोसाठी त्याच्यासमोर उभं राहायचं नाही. बॅनरच्या आड काय ठेवलंय ते कुणाला दिसतं? जुलैअखेरीला सुरू होणारा आठवडा आणि डिसेंबरचा पहिला, हे नक्षलवाद्यांचे सप्ताह. त्या दिवसांत आमच्या फेऱ्या रद्द व्हायच्या आणि आम्ही आगारात पत्ते खेळायचो. तुम्ही जानेवारीत निघालात, बरं केलंत.

नाकाबंदीवर थांबवलं तर डोळ्यांवर येणारे दिवे बारीक करा, आतला दिवा लावा, काचा खाली. कुठून आलात, कुठं जाता, खरं सांगा. तिथं विनोद नको. ह्या पोट्ट्यानं घातलीय ती लष्करी चट्ट्यापट्ट्यांची पँट घरी ठेवायची. जंगलात ती दोन्ही बाजूंना चुकीची वाटते. ड्रोन तर नकोच नको. आणि पाठीमागच्या बॅगेत काय वाजतंय ते मला कळतं बरं का. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बंदी बायाबापड्यांनी गावोगाव भांडून मिळवली. बाटल्या इथंच काढा, माझ्या कपाटात सुरक्षित राहतील.

आता जे सांगतो ते नीट ऐका, बाकीचं विसरलात तरी चालेल. गावात कुणालाही ‘इथं नक्षलवादी येतात का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. पुण्याहून आलेला माणूस गाडीतून उतरला की दहा मिनिटांत हेच विचारतो. समोरच्यानं हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. तुम्ही गाडी चालू करून निघून जाता, तो तिथंच राहतो. रात्री त्याला कोण काय विचारेल ते तुम्हाला कधी कळणार नाही. एका मुक्कामी गावात एक म्हातारा मला रोज रात्री भाकरी द्यायचा. एकदा पाहुणे म्हणून शहरातले दोन जण आले, त्याच्याशी तासभर बोलले, वहीत लिहून घेतलं. नंतर आठ दिवस म्हातारा माझ्या गाडीकडं फिरकला नाही. का, ते मी विचारलं नाही. नवव्या दिवशी आला.

तेव्हा बोलायचंच असेल तर धानाचं बोला, मोहाचं बोला, तेंदूपत्त्याचा भाव विचारा. भेटल्यावर ‘जोहार’ म्हणा. बायांचे, त्यांच्या गोंदणाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गोटूल, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींचं जमायचं घर, दिसलं तर बोलावल्याखेरीज आत शिरायचं नाही. हेमलकशाला आधी कळवून जा. १९७३ साली बाबा आमट्यांनी जिथं काम सुरू केलं, प्रकाशभाऊ आणि मंदाताई जिथं राहिले, ती जागा दवाखान्याची आहे. तिथले पेशंट प्राणिसंग्रहालयात नसतात, एवढं लक्षात ठेवा. लाहेरीच्या पुढं बिनागुंड्याकडं आपल्या मनानं जाऊ नका. स्थानिक माणूस बरोबर असेल तरच.

पाण्याचं खरं तर जानेवारीत सांगायला नको, पण तुम्ही पुन्हा पावसाळ्यात जाल, मला माहीत आहे. हिरवं बघायची हौस. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पाऊस छत्तीसगडात पडतो आणि पाणी इथं चढतं. आभाळ कोरडं असताना पर्लकोटेचा जुना बुटका पूल बुडलेला मी पाहिलाय. रपट्यावरून पाणी वाहत असेल, तळ दिसत नसेल, तर घोटाभर असलं तरी गाडी घालायची नाही. मागून येणारा ट्रॅक्टर गेला म्हणून आपण जायचं नाही. त्याची चाकं बघा, आपली बघा. एकदा आम्ही तीन दिवस अडकलो. कंडक्टरनं तिकिटाच्या पेटीवर कांदा चिरून खिचडी केली. अजून त्या खिचडीची चव आठवते.

ट्रकांबद्दल थोडंच सांगतो. आष्टीपासून पुढं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक लागतील. ओव्हरटेक करायची घाई नको, लाल धुळीत समोरचं दिसत नाही. परतताना आरमोरी, वडशाच्या बाजूनं आलात तर हत्ती. २०२१ पासून तिकडं कळप फिरतोय. हॉर्न न वाजवता मागं सरका.

आणि मच्छरदाणी. ओडोमॉस लावून भागत नाही, मच्छरदाणीच हवी, चारही कडा गादीखाली खोचलेली. निघण्याआधी डॉक्टरांना मलेरियाच्या गोळीचं विचारून घ्या. परत आल्यावर महिनाभरात ताप आला, थंडी वाजली, तर पुण्याच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मी गडचिरोलीच्या जंगलातून आलोय, रक्त तपासा. ते विचारणार नाहीत. मी सुट्टीत नागपूरला आलो होतो तेव्हा तीन दिवस मला साध्या तापाच्या गोळ्या चालल्या होत्या. चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं विचारलं, ‘नोकरी कुठं तुमची?’ मी अहेरी म्हटलं, आणि त्यानं हातातला चहा खाली ठेवून सुई घेतली.