घरी बांधलेले विमान

विमान म्हटले की विस्तीर्ण कारखाना आणि शेकडो कारागीर डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु अमेरिकेत राहत्या घराच्या गॅरेजमध्ये हौशी मनुष्याने विमान बांधणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे स्थापन केली. पुढे सुटे भाग व नकाशे एकत्र पुरविणारे संच, म्हणजेच ‘किट’, विकत मिळू लागले. या बांधणीविषयी तेथील नियम मोठा मार्मिक आहे. कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी केलेला असला पाहिजे. शिक्षण आले की चुकाही ओघानेच आल्या.

पत्र्याच्या विमानात पुनःपुन्हा करावे लागणारे काम म्हणजे रिव्हेट ठोकणे. लहानशा विमानातही ते हजारोंनी असतात. दोन पत्र्यांची छिद्रे जुळवून त्यांत रिव्हेट घालतात. डोक्याच्या बाजूने हवेच्या दाबावर चालणारा हातोडा चालतो आणि पलीकडे पोलादी ठोकळा घट्ट धरलेला असतो. त्यामुळे रिव्हेटचे मोकळे टोक पसरून तेथे दुसरे डोके तयार होते. हे डोके रिव्हेटच्या जाडीच्या सुमारे दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हावे, असा दंडक आहे. म्हणजे १/८ इंच जाडीच्या रिव्हेटचे डोके ३/१६ इंच रुंद व १/१६ इंच उंच. ठोका कमी पडला तर पत्रे आवळले जात नाहीत; जास्त पडला तर डोके चपटे होते; ठोकळा तिरपा धरला तर ते एका अंगाला कलते.

कललेले डोके दिसताच नवशिक्याचा हात ड्रिलकडे जातो. डोक्याच्या मध्यावर भोक पाडावयाचे, डोके मोडावयाचे आणि उरलेला दांडा हलकेच बाहेर ढकलावयाचा, अशी ही रीत. परंतु घाईत ड्रिल घसरले की मूळचे गोल छिद्र लांबट होते. मग अधिक जाड रिव्हेट घालणे आले. आणि छिद्राचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा असल्याने, काठाजवळच्या छिद्रात तीही सोय उरत नाही. सगळा भागच टाकून द्यावा लागतो. म्हणूनच किंचित कललेला रिव्हेट कित्येकदा तसाच ठेवणे अधिक श्रेयस्कर, असे अनुभवी बांधणारे सांगतात. कोणता ठेवावा, हे ठरविण्यास मात्र दुसऱ्याचे डोळे लागतात. वरील संस्थेचे अनुभवी सल्लागार घरी येऊन काम पाहतात, ते यासाठीच. पंखाचा शेवटचा पत्रा बसला की आतली चूक दिसेनाशी होते. तेव्हा त्यांना बोलवावयाचे ते त्याआधी. बांधणी बहुधा शेपटापासून सुरू करतात, यातही व्यवहार आहे: भाग लहान, बिघडला तर नुकसान थोडे.

छिद्राच्या काठावर राहिलेली कोर अथवा पत्र्यावरचा खोल ओरखडा क्षुल्लक दिसतो. परंतु वारंवार ताण पडून धातू शिणतो, आणि तडा बहुधा अशाच जागी सुरू होतो. यास्तव प्रत्येक काठ कानशीने गुळगुळीत करण्यात कित्येक संध्याकाळी जातात.

इतके करूनही घातपात होतो तो बहुधा दुसरीकडेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सांगाडा मोडल्याची उदाहरणे क्वचित आढळली. इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरील ताबा सुटणे हीच मुख्य कारणे होती. रिव्हेटमागे रिव्हेट तपासणाऱ्याने इंधनाची नळीही तितक्याच कसोशीने तपासली पाहिजे. त्यासाठी जमिनीवरच विमानाचे नाक चढणीच्या कोनात उचलून ठेवतात, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवितात आणि ठरावीक वेळात किती इंधन येते ते मापून घेतात. टाकीतून केवळ उताराने येणारे इंधन उड्डाणाच्या वेळी इंजिनास लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट भरले पाहिजे. ते भरले नाही, तर विमान गॅरेजमध्येच राहते.