गाडी सरळ चालते, टायर आतून जातो

टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब पट्ट्यात पिकअप चालवणाऱ्याला आपली गाडी दोन इंच वर असावी असं वाटतंच. पाड्यावरच्या रस्त्यांना चाकोऱ्या पडून मधे दगडांचा उंचवटा राहतो, पावसात मोऱ्यांवरून पाणी जातं, आणि वीटभट्टीवरून भरून निघालेली गाडी चढाला पोट घासते. आमची जुनी डबल केबिन पिकअपही अशीच उचलून घेतली होती. पुढं टॉर्शन बारचे बोल्ट आवळले, मागं कमानपाट्यांत एक पाटा वाढवला. अलाइनमेंटचं विचारलं तर मिस्त्री म्हणाला, “सरळ चालतेय ना? मग कशाला खर्च करता?”

चालत होतीही सरळ. शहापूर-मुरबाड रस्त्यावर सपाटीला स्टिअरिंग हलकं धरलं तरी कुठं ओढत नव्हती. भातकापणीच्या सुमाराला पंक्चरवाल्यानं चाक उतरवलं, तेव्हा आतल्या कडेला तार दिसत होती. बाहेरच्या कडेची नक्षी तोवर नवीकोरी! दोन्ही पुढच्या टायरांचं तेच.

गाडी ओढते कधी? दोन बाजूंत फरक पडला तर. दोन्ही चाकं सारखीच बाहेर फाकली असतील तर त्यांची ओढ एकमेकांत जिरते, स्टिअरिंगला पत्ता लागत नाही आणि रबर मात्र रस्त्यावर घासत राहतं. टॉर्शन आवळल्यावर बॉडी वर जाते, कंट्रोल आर्म खाली झुकतात, टाय रॉडचा कोन बदलतो. त्यानं टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडतो, वर-खालच्या आर्मच्या लांबीतल्या फरकानं कॅम्बरही (चाकाचा उभ्यातला कल) हलतो. टो नेमका आत जाणार की बाहेर, हे टाय रॉड एक्सलच्या पुढं आहे की मागं यावरही ठरतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये.

याची परीक्षा फुकट आहे. गाडी उभी करून इंजिन बंद करा आणि टायरच्या नक्षीवर तळवा आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडं जाताना गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं बोचत असेल, तर टो बिघडलाय. बाहेरून आत येताना बोचलं तर चाकं पुढून फाकलेली, आतून बाहेर जाताना बोचलं तर आत वळलेली. काहीच न बोचता एकच कड झिजली असेल तर संशय कॅम्बरवर घ्यावा. हात फिरवण्याआधी तार तेवढी बघून घ्या, बोट फाटतं. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची खूण. नक्षी तिथवर झिजली की टायर बाद.

पुढं महामार्गावरच्या एका अलाइनमेंटवाल्याकडं गेलो. मशीनच्या कागदावर टो हिरवा झाला, कॅम्बरचे दोन्ही रकाने लालच राहिले. “एवढं चालतं,” तो म्हणाला. चालत नाही. कॅम्बर आणायला वरच्या आर्मचे शिम (पातळ पट्ट्या) काढावे-घालावे लागतात, त्याला वेळ जातो, म्हणून बरेच जण टो लावून पावती फाडतात. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. शिम संपूनही आकडा येत नसेल तर गाडी जास्त उचलली गेलीय. टॉर्शन अर्धा इंच सोडा, सगळं पुन्हा मोजा. आमच्या गाडीला शेवटी तेच करावं लागलं. पुढची उडी कमी झाली, तो वरचा फायदा.

अलाइनमेंटला घाई नको. नवा पाटा थोडा बसतो, तेव्हा काही दिवस गाडी चालवून, यू-बोल्ट पुन्हा आवळून, मगच मशीनवर चढवा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड ढिला असेल तर तो आधी बदला, नाहीतर लावलेला आकडा पहिल्याच खड्ड्यात पळतो. आणखी एक, आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर लोंबत्या चाकांना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतले तपशील बदलणाऱ्या फेरफाराला आडवं येतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. चारचौघांत दिसेल एवढी उंची आणि मोठे टायर पासिंगला तर नडतातच, अपघातानंतर विम्यालाही नडू शकतात.

मागच्या बाजूचं कुणी बोलत नाही. तिथं पाटा वाढवून गाडी पुढच्यापेक्षा जास्त उचलली की नाक खाली जातं, कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागं झुकाव) कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक परतत नाही. ब्रेकचं त्याहून गंभीर. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला जोडलेला एक दांडा असतो. गाडी किती दबलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. गाडी उंच केली आणि तो दांडा तसाच ठेवला, तर भरल्या गाडीलाही तो रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ओतूरचा कांदा भरून माळशेज उतरायचा असेल, तर त्याआधी गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन तो दांडा नव्या उंचीला लावून घ्या. काम करणाऱ्याला हा दांडा माहीतच नसेल, तर गाडी दुसऱ्याकडं न्या.