पायाची जाड, पिवळी नखे : घरी काय करावे?

फैजपूर, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाकडे पाहिले, की अंगठ्याचे नख जाड, पिवळट आणि भुगा पडणारे दिसते. रुग्ण आलेला असतो तापासाठी किंवा कंबरदुखीसाठी. नखाबद्दल विचारले तर म्हणतो, "त्याचं काय डॉक्टर, ते दहा वर्षांपासून तसंच आहे!"

हा विकार बहुधा बुरशीमुळे होतो. पावसाळ्यात चिखलात काम, केळीला पाणी भरताना तासन् तास ओले पाय, दिवसभर पायात प्लास्टिकचे बूट. बुरशीला आणखी काय हवे? प्रथम बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, की तीच बुरशी नखाखाली शिरते. मात्र प्रत्येक जाड नख बुरशीचे नसते. जुना मार, घट्ट बूट, सोरायसिस, वाढते वय यांमुळेही नख असे होते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी नखाचा कीस तपासून घेणे चांगले.

लिंबू, हळद, व्हिनेगर असे अनेक उपाय लोक करतात. त्यांनी बुरशी मुळापासून जाते, असा भरवशाचा पुरावा नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली साधी मलमेही जाड नखातून आत उतरत नाहीत. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी फोफावते.

मग घरी करायचे काय? नख पातळ, स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे.

१) आठवड्यातून एकदा पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत. नख मऊ झाले, की पुसून सरळ रेषेत, थोडे थोडे कापावे. कोपरे खोल कोरू नयेत.

२) वरचा जाड थर कानशीने हलक्या हाताने घासावा. ब्लेड, सुरी वापरू नये.

३) या नखांसाठी नेलकटर व कानस वेगळी ठेवावी. घरातल्या इतरांना देऊ नये.

४) शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. चिखल्या असतील तर त्यांवर आधी उपचार करावा.

५) मोजे सुती आणि रोज धुतलेले असावेत. बूट-चपलांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, एक उन्हात वाळू द्यावा.

आता महत्त्वाचे. मधुमेह असणाऱ्यांनी आणि पायाला बधिरपणा असणाऱ्यांनी वरील पहिले दोन उपाय स्वतः करू नयेत. माझ्याकडे जवळच्या गावचे एक गृहस्थ आले होते. आठ वर्षांचा मधुमेह. जाड नख त्यांनी घरीच ब्लेडने तासले. जखम झाली, पण पाय बधिर असल्याने कळली नाही. पंधरा दिवसांनी वास येऊ लागला तेव्हा मुलाने आणले. अंगठ्याचा शेंडा काढावा लागला. नख वाईट दिसत होते एवढेच. अंगठा मात्र गेला. अशा रुग्णांना गरम पाण्याचा चटकाही कळत नाही. त्यांनी नखे डॉक्टरांकडूनच कापून घ्यावीत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत.

बुरशीच आहे असे ठरल्यावर टर्बिनाफिनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. पायाच्या नखांसाठी त्या साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात. यकृताचा विकार असल्यास किंवा इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. आणि धीर धरावा. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. गोळ्या संपल्या तरी नख लगेच चांगले दिसत नाही, म्हणून औषध फुकट गेले असे समजू नये. नवे नख मुळाकडून स्वच्छ येते आहे का, तेवढे पाहावे.

नखाभोवती सूज, पू किंवा ठणका असेल, अथवा मार लागलेला नसताना एकाच नखावर काळी रेघ उमटून ती रुंदावत असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.