कुंडीतले आफ्रिकन व्हायोलेट आणि आपले पाणी



नागपूरच्या रोपवाटिकेतून हौसेने आणलेले, मखमली पानांचे आणि जांभळ्या फुलांचे छोटेसे रोप तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. त्याचे नाव आफ्रिकन व्हायोलेट. पांढुर्णा-सौंसरकडे ते आले की बहुधा महिना-दोन महिन्यांत मान टाकते आणि घरात निकाल लागतो, "आपल्या उन्हाने मेले." ऊन हे एक कारण आहेच. पण बहुतेक वेळा ते रोप पाण्याने मेलेले असते. कसे, ते आज पाहू.

आधी त्याचे मूळ गाव. टांझानियातील टांगा बंदराच्या मागे उसांबारा नावाचे डोंगर आहेत. तिथल्या दाट जंगलात, शेवाळलेल्या खडकांच्या खाचांमध्ये ही झाडे सावलीत वाढतात. १८९२ साली, त्या भागावर जर्मनांचे राज्य असताना, वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या अधिकाऱ्याला ते आढळले. त्याने ते जर्मनीत वडिलांकडे पाठवले. हॅनोव्हरच्या बागेतील हर्मन वेंडलँड यांनी १८९३ मध्ये त्याला 'सेंटपॉलिया आयोनांथा' हे नाव दिले. आयोनांथा म्हणजे व्हायोलेटसारख्या फुलांचे. खऱ्या व्हायोलेटशी मात्र त्याचे काही नाते नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर उगवणारी काही नाजूक रोपे त्याची लांबची भावंडे आहेत. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या वंशात धरतात, पण दुकानात जुनेच नाव चालते. जगभरच्या खिडक्यांत दिसणारे हे झाड त्याच्या मूळ जंगलात मात्र तोडीमुळे धोक्यात आले आहे.

खडकाच्या खाचेत किती माती असणार? मूठभर पालापाचोळा, तोही भुसभुशीत. त्यातून पाणी झिरपते आणि पाठोपाठ हवा शिरते. आपली काळी माती नेमकी उलटी. ती ओली झाली की फुगते, मुळांना हवा मिळू देत नाही. वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. कापसाला, संत्र्याला ती चालते. या रोपाला ती अजिबात वापरू नका. नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग, चांगले कुजलेले व चाळलेले पानखत एक भाग आणि परलाईट किंवा धुतलेली जाड रेती एक भाग, असे मिश्रण घ्या. मुठीत दाबून सोडले तर गोळा लगेच फुटला पाहिजे.

कुंडी (आपल्यापैकी पुष्कळ जण घरात 'गमला'च म्हणतात, तेही चालेल) लहान हवी. रोपाचा पसारा जेवढा, त्याच्या एक तृतीयांश तोंडाची. मोठ्या कुंडीत मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मातीची कुंडी फार लवकर सुकते, म्हणून प्लास्टिकची बरी.

आता पाण्याचे. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना हे लवकर कळेल. बुंध्याशी पाणी साचले की संत्र्याला डिंक्या होतो, मुळे कुजतात. म्हणून तर आपण दुहेरी आळे करतो, की पाणी मुळांना मिळावे पण खोडाला लागू नये. तो रोग करणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी जात ओल्या, हवा नसलेल्या मातीत फोफावते. व्हायोलेटचा गड्डा कुजवणारे जीव तिच्याच नात्यातले. मात्र बहारासाठी संत्र्याला देतो तसा ताण या रोपाला देऊ नका. त्याची मुळे केसासारखी बारीक असतात; ती एकदा खडखडीत वाळली की पुन्हा धड होत नाहीत.

इथे घात होतो तो असा: मुळे कुजली की पाणी वर चढत नाही, पाने लोंबतात. बघणाऱ्याला वाटते झाड तहानले, आणि तो आणखी पाणी ओततो. म्हणून पान लोंबलेले दिसले की आधी मातीला बोट लावा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर हात आवरा, रोप बाहेर काढून मुळे बघा. तपकिरी आणि लिबलिबीत झाली असतील तर बरी पाने काढून त्यांपासून नवी रोपे करणे हाच उपाय उरतो.

पाणी खालून द्यावे. ताटलीत पाणी घालून कुंडी अर्धा तास ठेवा, मग उरलेले ओतून टाका. गावाला जाणार असाल तर वातीची पद्धत करून पाहा. कुंडीच्या छिद्रातून ॲक्रिलिक लोकरीचा धागा मिश्रणात घाला, दुसरे टोक खाली पाण्याच्या डब्यात सोडा. कुंडी पाण्यात बुडता कामा नये. दिव्यात तेल जसे वातीने वर चढते तसे पाणी चढते. पुस्तकातले केशाकर्षण ते हेच. सुती धागा कुजतो, तो नको.

माठातले किंवा फ्रिजमधले पाणी कधीही घालू नका. गरम पानावर गार पाणी पडले की आतल्या पेशी फुटतात, हरितद्रव्य नासते आणि पिवळसर वळ उठतात. ते पुन्हा जात नाहीत. खोलीत ठेवलेले पाणीच वापरा. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी जड असते, त्याचा पांढरा थर कुंडीच्या काठावर साचतो आणि त्याला टेकलेले देठ करपतात. पावसाचे पाणी साठवता आले तर उत्तम. नाहीतर दीड-दोन महिन्यांनी एकदा वरून भरपूर साधे पाणी घालून माती धुऊन काढावी.

जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीशी, थेट उन्हाबाहेर. एप्रिल-मे मध्ये कूलरच्या खोलीत, पण झोताबाहेर ठेवा. कूलरची ओल त्याला मानवते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खिडकीपासून आत सरकवा.

पान लावायला पोळ्याच्या सुमाराची दमट हवा चांगली. मधल्या वेढ्यातले निरोगी पान एक इंच देठासह तिरपे कापून ओल्या मिश्रणात खोचा, वर पारदर्शक पिशवी सैल घाला. तीन-चार आठवड्यांत मुळे येतात, दिवाळीच्या आसपास देठाशी इवली रोपे दिसू लागतात. त्यांची पाने रुपयाच्या नाण्याएवढी झाली की वेगळी करा. पट्टेदार फुलांच्या जातींत मात्र पानापासून बहुधा तसेच फूल मिळत नाही. कळ्या उन्हाळ्यात आल्या तर गळतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे ही रोपे खरी फुलतात ती पुढच्या पावसाळ्यात.