रंग फवारणाऱ्या 'गन'ची निगा

शाळा सोडल्यावर देऊळगांव राजा येथील कांहीं विद्यार्थी लोखंडी कपाटें, दारें व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगविण्याच्या कामास लागतात. तेथें त्यांच्या हातीं रंग फवारण्याची बंदूक येते. कारागीर तिला नुसतें 'गन' म्हणतात. फवारा बिघडला कीं माल परत येतो आणि मजुरी कापली जाते ती मुलाची. म्हणून तिची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिचा जन्म रंगाच्या दुकानांत झाला नाहीं. अमेरिकेंतील टोलेडो येथें ॲलन डिव्हिल्बिस नांवाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशांत औषधाचे तुषार सोडण्याचें साधन त्यांनीं काढिलें. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनीं १९०७ सालीं तीच युक्ति रंगास लाविली. दाबलेली हवा रंगाची धार फोडते, आणि टोपीच्या दोन शिंगांतून येणारी हवा फवाऱ्यास पंख्यासारखा लांबट करते.

बिघाड झाला असतां प्रथम कागदावर क्षणभर फवारून ठसा पाहावा. तो लांबट व सारखा असेल तर गन निरोगी. चंद्रकोरीसारखा वांकला किंवा एका टोकास जड झाला, तर गन खोलण्याची घाई करूं नये. हवेची टोपी अर्धा फेर फिरवून पुन्हां फवारावें. ठसाहि उलटला तर घाण टोपींत आहे; तसाच राहिला तर रंगाच्या नोझलवर. एवढी एक परीक्षा साधली तरी अर्धे श्रम वांचतात. ठसा मध्यें तुटून दोन टोकांस जमला तर हवा फार अथवा रंग फार पातळ. मध्येंच दाट झाला तर हवा कमी किंवा रंग घट्ट. फवारा खोकल्यासारखा अडखळूं लागला तर कप रिकामा होत आला आहे काय, नोझल सैल आहे काय, सुईचें पॅकिंग सुकलें आहे काय, हें पाहावें. कपाच्या झांकणाचें बारीक छिद्रहि पाहावें. तें बुजल्याचें बहुधा सर्वांत शेवटीं आठवतें!

छिद्र साफ करण्यास तार किंवा खिळा कदापि घालूं नये. तें केसभर वाढलें तरी फवारा कायमचा बिघडतो. लांकडी काडी किंवा मऊ ब्रश पुरे. सबंध गन थिनरमध्यें बुडवून ठेवणें हीहि वाईट खोड होय. त्यानें पॅकिंग सुकतें व तेल धुवून जातें. टोपी तेवढी भिजत घालावी.

कित्येकदां दोष गनचा नसून ऋतूचा असतो. वैशाखाच्या दुपारीं रंग पत्र्यास पोंचण्यापूर्वीच हवेंत सुकतो व हातास रवाळ लागतो. अशा दिवसांत सकाळीं काम करावें व गन सहा ते आठ इंचांहून दूर धरूं नये. पावसाळ्यांत कॉम्प्रेसरच्या टाकींत पाणी सांचतें. तळाचा नळ उघडून तें रोज काढिलें नाहीं तर रंगावर फोड येतात.

गन खोलण्यापूर्वीं हवेची नळी सोडवून चाप ओढावा, म्हणजे उरलेला दाब निघून जाईल. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून जवळ विडी पेटवूं नये. हार्डनर मिसळलेल्या कांहीं रंगांत आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्यानें दमा जडतो, आणि तोंडास बांधलेला रुमाल तें अडवीत नाहीं. मुलास कामास लावितांना पालकांनीं तेथें योग्य मुखवटा मिळतो कीं नाहीं हें आधीं विचारावें, मजुरीचें मागाहून.